चूलबंद आवतन आणि माझा तक्ता

आता काय सांगू तुम्हाला! चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. वेबपेजवर ओळी वाढवता वाढवता मी एकदा अख्ख्या गावाचा स्वयंपाक बिघडवायला निघालो होतो!

मी नांदुऱ्याचा, कोड लिहून पोट भरणारा. उंद्रीला मोठ्या बाबांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, पोरीचं लग्न निघालं. मी ऐटीत म्हणालो, "कागद कायले पाह्यजे? मी पेज बनवतो. नाव टाकलं की तक्त्यात नवी ओळ आपोआप येते, खाली मानसांची बेरीज. आचाऱ्यानं मोबाइलात पाह्यचं!"

घरटी एक ओळ, ओळीमागे दोन माणसं. आहे काय त्यात?

लग्नाच्या सकाळी मांडवामागे आचाऱ्याकडे गेलो आणि पाहतो तर काय! वांग्यांचा हा ढीग! वरणाचे हे हंडे!

"महाराज, एवढं काऊन हो?"

"तुमच्याच पेजवर पाह्यलं ना भाऊ! एकडाव रिफ्रेशचं बटन बी दाबून घेतलं, पक्कं करासाठी."

मी मोबाइल काढून तेच बटण दाबलं. अरे देवा! जुन्या ओळी न पुसताच माझा कोड तीच सगळी नावं खाली पुन्हा जोडत होता. सोपानकाका वर, सोपानकाका खाली! घरं दुप्पट, जेवण दुप्पट. आता अन्न वाया जाणार आणि व्याह्यांपुढे मोठ्या बाबांची शोभा होणार. मी धावत आईकडे.

"आई, मेलो! जेवन दुप्पट झालं!"

"घरामागं किती धरले होते तू?"

"दोन."

आईनं कपाळावर हात मारला. "अरे येड्या, चूलबंद आवतन देल्लं हाये! आज गावात कोनाचीच चूल पेटत नाई. लेकराबायांसकट घरंच्या घरं येतात. तुह्या हिशोबानं तं अर्धं गाव उपाशी गेलं असतं!"

आणि आलं की हो गाव! पंगतीवर पंगत. शेवटची उठली तेव्हा हंड्याच्या बुडाशी वरण उरलं, वाढणाऱ्यांपुरतं. काय सुटलो म्हणून सांगू! त्या आचाऱ्याला मिठीच मारणार होतो.

मोठ्या बाबांनी व्याह्यांसमोर माझी पाठ थोपटली. "पाहा, ना कमी ना जास्त! काऊन बे, घरटी चार येतीन हे तुले कसं कयलं?"

मी मान खाली घातली. सगळ्यांना तो माझा विनय वाटला. खरं सांगू? मला काहीच कळलं नव्हतं. जे कळलं, ते माझ्या चुकीला कळलं होतं!