दुखणं दहापैकी किती?

किस्से गोळा करायला कोणी संशोधन करत नाही. पण नगरच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात मी आठवड्यातून दोन दिवस फॉर्म घेऊन बसते, आणि घरी परतताना फॉर्म कमी अन् किस्सेच जास्त सोबत येतात. मी फार्मसी कॉलेजात शिकवते. किमो घेणाऱ्यांचं तोंड आतून सोलवटतं, साधं पाणीसुद्धा झोंबतं. त्यावर गुळण्या करायचं औषध बनवणं हे माझं काम.

*

पहिल्या औषधात मी मोठ्या हौसेने पुदिन्याचा स्वाद घातला होता. सगळे पेशंट म्हणाले, छान आहे मॅडम. मी हवेत! वॉर्डातल्या मार्था सिस्टर तेवढ्या काही बोलेनात. एकदा डबा खाताना माझीच जीभ दाताखाली आली, चांगली रक्ताळली. सिस्टरांनी माझ्याच औषधाची बाटली पुढे केली. एक गुळणी केली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"छान आहे ना?" सिस्टर म्हणाल्या.

पुदिना त्याच दिवशी गेला. माणसं भिडेखातर काय काय सोसतात, आणि मी खुशाल टिकमार्क करत बसले होते, याची मला अजून लाज वाटते.

*

त्रास किती झाला ते रोज लिहायला मी सगळ्यांना महिन्याची वही देते. देवळाली प्रवऱ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी ती चौथ्या दिवशीच परत आणली. पूर्ण भरलेली! अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही.

म्हटलं, गुरुजी, महिना संपायचाय की अजून! तर म्हणाले, पुढं हात थरथरायला लागला तर काम अपुरं राहायला नको, म्हणून आधीच उरकून टाकलं.

मी रागावणारच होते. तेवढ्यात शेवटच्या आठवड्याचं पान दिसलं. रोज शून्य. गुरुजींनी स्वतःला आधीच बरं करून ठेवलं होतं. ती वही अभ्यासात धरता आली नाही, पण टाकवतही नाही. माझ्या खणात आहे.

*

शनिशिंगणापूरच्या एका मावशींना किमोच्या गोळ्या घरी न्यायच्या होत्या. मी पाठ केलेलं बजावलं, की नातवंडांच्या हाती लागू देऊ नका, कुलपात ठेवा.

"बाई, आमच्या घराला दारच न्हाई. कुलूप कशाला लावू?"

मी नगर जिल्ह्यातच जन्मले, वाढले, तरी हे सुचलं नव्हतं! शेवटी उंच फळीवरच्या डब्यावर आमची तडजोड झाली. सूचनांच्या कागदावर आता तसंच छापलंय.

*

आणि नाना. घोडेगावच्या बाजारातले गुरांचे दलाल, घशाचा कॅन्सर. सोबत कायम काकू. काकूंनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगून टाकलं होतं, की ह्यांचे हाल व्हायला लागले तर सुया बंद, मी घरी घेऊन जाणार. नानांना मात्र उपचार पुरे करायचे होते. त्यांना जगायचं होतं. म्हणून मी दुखणं दहापैकी किती विचारलं, की ते काकूंकडे बघत म्हणायचे, "दोन." धड आवाज फुटत नाही, आणि दोन!

एका सोमवारी विचारलं, तर त्यांनी खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकलं. गुरांच्या बाजारात दलाल असाच भाव करतात, कापडाखाली बोटं धरून, शेजारच्याला कळू न देता. तोंडाने नाना म्हणाले, दोन. उपरण्याखाली त्यांनी माझी पाचही बोटं धरली, सोडली, आणि पुन्हा तीन धरली.

खरं लिहावं तर काकू त्यांना घरी नेणार. खोटं लिहावं तर दुखण्यावरचं औषध वाढणार नाही, आणि हा माणूस तसाच सोसत राहणार. पेन हातात तसंच राहिलं. नानांना सलाईन लावायला आत नेलं, तशा काकू माझ्याजवळ सरकल्या.

"आठ म्हनले ना?"

मी फॉर्म पालथा घातला.

"कालपासून थुकी गिळता येईना त्यांला. मला काय दिसत न्हाई व्हय?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "डाक्टरला आठच सांगा. औषध आठाचं लिहून घ्या, सुया बी चालू ऱ्हाऊ द्या. घरात आमी दोनच म्हनू."