डिस्कचं तोंड

परवा दवाखान्यात सुई टोचण्याआधी नर्सनं दंडावर स्पिरिट चोळलं आणि त्या वासासरशी मी घाटंजीच्या आमच्या घरात पोचलो. बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटला बुरशी धरू लागली होती. गेलेल्या बाबांचा आवाज तेवढ्या एकाच कॅसेटमध्ये उरला होता, म्हणून ती डिस्कवर उतरवायला मी नवा रेकॉर्डर आणला, तर तो एकही कोरी डिस्क घेईना. आत टाकली की दोनदा घरघरायचा आणि बाहेर ढकलायचा. पाच डिस्क झाल्या, दुकानदाराला शिव्या घालून झाल्या. सहावी उजेडात धरली, तर चकचकीत बाजूवर, भोकाला लागून, ओल्या कुंकवाचं बोट! "माय, हे काय केलं?" "नवी वस्तू घरात आली, तिले कुंकू नको? सगळ्यायले लावलं." "पण या बाजूनं काहून? मशीन इथूनच वाचते ना!" "चमकते तेच तोंड ना बाप्पा?" मला राग आला आणि हसूही. रेकॉर्डर उघडून आतल्या भिंगावर उडालेलं कुंकू स्पिरिटच्या बोळ्यानं अलगद टिपलं, डिस्कही पुसली. या वेळी त्यानं ती मुकाट्यानं ठेवून घेतली. पडद्यावर मांडवातले बाबा ओरडले, "अबे, इकडं वरण वाढा ना!" माझा जीव भांड्यात पडला. माय पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बोलून राह्यले." आता ते लग्न माझ्या मोबाईलमध्ये आहे. नवा मोबाईल घेतला की माय अजूनही कुंकू लावते, पण आधी तो पालथा करते.