ड्रॉइंगच्या सरांचं आभाळ

आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर दिवस मावळल्यावर कुणाच्या लग्नालाही जात नसत. अमावस्येला मात्र कोरेगावजवळच्या डोंगरावर ताऱ्यांचे फोटो काढायला न चुकता जात. सरांना रातांधळेपणा होता. पलूसला लहानपणी अंगणात झोपताना पाहिलेल्या चांदण्या बाराव्या वर्षानंतर त्यांना दिसल्या नव्हत्या.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचो. माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ते यायचे. उजेड असतानाच लांबच्या पवनचक्कीवर फोकस धरायचे आणि तो हलू नये म्हणून लेन्सला चिकटपट्टी लावायचे. अंधार पडला की कॅमेरा आपोआप एकामागून एक फोटो घेत राही. दुसऱ्या दिवशी संगणकावर ते एकमेकांवर चढवले की ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या कमानी उमटत. तोवर तीन-तीन तास सर घोंगडीवर बसून असायचे, समोर काहीच दिसत नसताना. घाई केलेली त्यांना खपत नसे. “आभाळ फिरायला वेळ घेतं, आपणही घ्यावा,” म्हणायचे.

एका हिवाळ्यात गावोगाव चोरांच्या अफवा होत्या. आमची हालचाल पाहून दहा-बारा जण काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन वर आले. एका म्हाताऱ्यानं दरडावून विचारलं, “अंधारात हितं काय करतासा?”

सर आवाजाच्या दिशेनं वळले. “चांदण्यांचं फोटू काढतोय. मला रातचं दिसत न्हाई, गड्या. सकाळी ह्यात बघतो.”

म्हाताऱ्यानं आपली बॅटरी विझवली आणि बाकीच्यांनाही विझवायला लावल्या. कॅमेरा थांबेपर्यंत ती माणसं आमच्याजवळ बसून होती. तो फोटो सरांनी मोठा करून त्यांच्या ग्रामपंचायतीला दिला.

निवृत्तीनंतर सर सांगलीला लेकीकडे गेले. आता त्यांना दिवसाही फारसं दिसत नाही. गेल्या दिवाळीत भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “एवढी वर्षं माझ्याशेजारी बसलात. तुम्ही काय बघायचात?”

मी बहुतेक वेळ मोबाईलच बघत असायचो. तसं सांगितलं, तर सर रागावले नाहीत, हसले.

आता अमावस्येला मी एकटाच जातो. मोबाईल गाडीच्या डिकीत ठेवतो आणि वर बघत बसतो. सकाळी सरांना फोन करून कुठला तारा कुठून वर आला, कधी मावळला, सगळं सांगतो. मी थांबलो, तर ते विचारतात, “आणि मग?”