परतीची वाट

नव्या नेटवर्क स्विचचं खोकं उघडलं, कोऱ्या प्लास्टिकचा वास आला, की मी धसईच्या त्या दवाखान्यात जाऊन उभा राहतो.

तिथलं नेटवर्क मुरबाडच्या मोठ्या दवाखान्याशी जोडायचं होतं. माझी पहिलीच नोकरी. माहितीने मुरबाडला कुठून जायचं तो रस्ता मी स्विचमध्ये लिहिला आणि लाइनमन बाळूकाकांना ऐटीत समजावूनही सांगितला. पण तिकडून उत्तर येईना. “लाइन खराब आहे,” मी ठणकावलं. काका भर उन्हात खांबावर चढले, उतरले. मी पुन्हा तेच म्हणालो, ते पुन्हा चढले. तिसऱ्यांदा उतरले तेव्हा त्यांचे तळहात सोलवटले होते.

पाणी पिऊन त्यांनी हळूच विचारलं, “सायब, हितून जायाची वाट तुमी लिवली. तिकडून यायाची कोनी लिवली?”

कोणीच नव्हती लिहिली. मुरबाडच्या स्विचला धसई कुठे आहे हे ठाऊकच नव्हतं. मी फोन करून तिकडे एक ओळ लिहायला लावली, आणि पडद्यावर भराभर उत्तरं येऊ लागली.

मग कामाच्या कागदावर बिघाडाचं कारण लिहायची वेळ आली. माझं पेन अडलं.

“लिवा, लाइनीत बिघाड व्हता,” काका म्हणाले. “तुमी नवीन हाव. माझी नोकरी काय जात नाय.”

मी तसंच लिहिलं. तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता हाताखालच्या पोरांना मी पहिलं हेच विचारतो, “परतीची वाट लिहिलीस का?” मी स्वतः मात्र धसईला परत कधीच गेलो नाही.