विठा नावाची बॅट

जांभूळ गावात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुयोग गायकर टेनिस क्रिकेटच्या बॅटी बनवतो. पूर्वी तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत होता आणि रविवारी गावाच्या संघातून खेळायचा. बाजारातली बॅट हातात जड पडते म्हणून त्याने स्वतःसाठी एक तासली, मग संघातल्या मित्रांना करून दिल्या. मागणी वाढली तशी त्याने नोकरी सोडली. बायको अक्षदा घाबरली, पण आई म्हणाली, "कर तू. गोठा रिकामाच हाय." त्या गोठ्याची शेड झाली आणि बॅटला आईचं नाव मिळालं, विठा. बदलापूर-अंबरनाथच्या मैदानांवर समालोचक "विठाचा दणका!" असं ओरडू लागले, तेव्हा विठाबाईंना हसू आवरेना.

उल्हासनगर कॅम्प एकमधले खेळाच्या सामानाचे व्यापारी नरेंद्रशेठ हे सुयोगचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. एका दिवाळीनंतर त्यांची ऑर्डर अचानक थांबली. सुयोग दुकानात गेला तर भिंतीवर विठाच्या बॅटी टांगलेल्या. त्याने एक उचलून पाहिली. स्टिकर हुबेहूब, पण लाकूड भलतंच.

"शेठ, ही माझी बॅट नाही."

"नाव आता माझं आहे," नरेंद्रशेठ शांतपणे म्हणाले. "ट्रेडमार्कला टाकलंय. तू बनव ना, मी कुठे नाही म्हणतो? पण विठा म्हणून मीच विकणार."

पाठोपाठ त्यांच्या वकिलाची नोटीस आली. 'विठा' हे नाव वापरणं ताबडतोब बंद करा.

"दुसरं नाव ठेवू या," अक्षदा म्हणाली. "बॅट तर तीच राहणार ना? कोर्टकचेरी आपल्याला झेपणार आहे का?"

तिचं अगदीच चुकत नव्हतं. सगळं घर त्या शेडवर चालत होतं. ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या विठाबाईंनी सगळं ऐकलं होतं. "माजा नाव त्याला कोनी दिला?" एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुयोगने अंबरनाथ पश्चिमेला पायल लालवानी या वकिलीणबाईंचं ऑफिस गाठलं. त्या उल्हासनगरात वाढलेल्या, मराठी बोलता बोलता हिंदीवर जायच्या.

"त्यांनी फक्त अर्ज केलाय," त्या म्हणाल्या. "नाव अजून त्यांचं झालेलं नाही. विरोध नोंदवायची मुदत आहे. लेकिन हे नाव आधीपासून तुम्ही वापरताय, ते दाखवावं लागेल. बिलं आहेत?"

"मैदानात विकलेल्या बॅटची कसली बिलं, मॅडम?"

"मग मैदानातलाच पुरावा आणा ना!"

सुयोगच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथल्या बहुतेक स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात. तो जुने सामने शोधायला बसला. फलंदाजाच्या हातातल्या बॅटवर विठा नाव दिसलं की तारीख टिपायची, त्या संघाच्या कप्तानाला फोन लावायचा. बरेच जण प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाले. एकाने मात्र हात जोडले. त्याच्या संघाचे टी-शर्ट नरेंद्रशेठ देत होते.

अक्षदाही शोधायला लागली होती. एका संध्याकाळी तिने शेडमध्ये येऊन रंधा थांबवायला लावला आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला. जुन्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ होता. प्रायोजक म्हणून खुद्द नरेंद्रशेठ माइकवर बोलत होते, "ही विठा बॅट! आपल्या जांभूळच्या सुयोगने बनवलेली!"

अक्षदाने ते पुन्हा लावलं. "आता नाव बदलायचं नाही," ती म्हणाली.

तो व्हिडिओ जोडून विरोधाची नोटीस गेली आणि नरेंद्रशेठचा फोन आला. "कशाला वाढवतोस? नाव दोघांचं ठेवू."

"नाही शेठ. नाव आईचं आहे."

विरोधाच्या नोटिशीला नरेंद्रशेठकडून मुदतीत उत्तर गेलंच नाही, आणि त्यांचा अर्ज बाद झाला. सुयोगने तोपर्यंत स्वतःचा अर्ज भरला होता.

तो हंगाम मात्र कठीण गेला. नरेंद्रशेठच्या शब्दाखातर कॅम्प एकमधल्या इतर दुकानदारांनीही त्याचा माल घेणं बंद केलं. मग सुयोग आणि अक्षदा स्पर्धेच्या मैदानांवर टेबल मांडून बॅटी विकू लागले. खेळाडू बॅट तोलून बघायचे, दोन चेंडू मारायचे आणि घेऊन जायचे. हळूहळू बदलापूरच्या दुकानांतून थेट ऑर्डरी येऊ लागल्या.

सुयोगच्या अर्जाचा निकाल अजून यायचा आहे. नरेंद्रशेठ आता दुसऱ्या नावाने बॅटी विकतात. एखाद्या स्पर्धेत समोर आले तर दोघं मान हलवतात आणि आपापल्या कामाला लागतात.