सत्तावीस मिनिटांचं दूध

दोन वर्षांपूर्वीच्या एक जूनला मी अकराशे चाळीस रुपये खर्च केले. हाताने दाबायचा दुधाचा पंप सहाशे नव्वद, दोन बाटल्या निपलसकट तीनशे साठ, आणि एक चोखणी नव्वद. घरी पिशवी उघडली तेव्हा आम्ही चौघं हजर होतो: मी, माझी बायको, तिची आई आणि साडेतीन महिन्यांची आमची लेक. लेक त्या वेळी आईच्या अंगावर पीत होती आणि तिला या खरेदीत काडीचाही रस नव्हता.

सासूबाईंनी चोखणी उचलून उजेडात धरली. "दुकानदारानं बरं गळ्यात घातलंन हे! रबर चोखून पोट भरतं होय कुणाचं?"

"आई, ते पोट भरायला नाही, झोपवायला आहे," बायको म्हणाली.

"माझी चार पोरं बोंडल्यानं वाढली. जर्मनच्या पत्र्याचं बोंडलं होतं, तेसुद्धा शेजारणीचं. वाटीला चोच, बस्स. जावईबापू, पावती जपून ठेवा हो. परत घेत असेल तर बघा."

पावती मी ठेवलीच होती. ती अजून आहे.

लग्नानंतर अकरा वर्षांनी आम्हाला ही मुलगी झाली. बायको तेव्हा अडतीस वर्षांची, मी चव्वेचाळीसचा. दुसरं मूल होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आम्हालाही कळत होतं. बायको लांज्याला एका कचेरीत कारकून आहे. बाळंतपणाआधी सक्तीची विश्रांती सांगितल्यामुळे रजेतले आठ आठवडे आधीच गेले. उरलेले अठरा आठवडे सतरा जूनला संपत होते. मी घरी बसून लोकांची कराची विवरणपत्रं भरतो, तेव्हा दिवसा मुलीला मी सांभाळायचं, हे उघडच होतं. त्यावर वाद झाला नाही.

बायकोने एकच गोष्ट मागितली होती. "मला तिला वर्षभर अंगावर पाजायचं आहे. दिवसा माझंच दूध बाटलीतून द्या, सकाळ-संध्याकाळ मी पाजेन. वर्ष झालं की मग काय ते बघू. एवढं एकच वर्ष." ती फार काही मागणारी बाई नाही. अकरा वर्षांत तिने मागितलेल्या गोष्टी मी बोटांवर मोजून दाखवू शकेन.

बाटलीची ओळख करून द्यायला सहा दिवस लागले. पहिल्या दिवशी निपल ओठाला लावताच मुलीने असं तोंड केलं, की जणू आम्ही तिला कारल्याचा रस देत होतो. आई समोर असली की मुलं बाटली घेत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून बायको खालच्या पायरीवर जाऊन बसायची आणि मी तिची वापरलेली ओढणी खांद्यावर घेऊन वर फेऱ्या मारायचो. खालून आवाज यायचा, "घेतलं का हो?" मी म्हणायचो, "नाही." पाच मिनिटांनी पुन्हा, "आता?" चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "बापयाच्या खांद्यावर ओढणी बघून घाबरत्ये ती."

सहाव्या दिवशी तिने वीस मिली घेतलं. मी वहीत लिहिलं. वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली होती. तारीख, वेळ, किती मिली, किती मिनिटं. डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. निपल सगळ्यात बारीक भोकाचं, बाटली आडवी धरायची, मध्ये मध्ये थांबायचं. "अंगावर पिताना तिला मेहनत पडते," त्या म्हणाल्या होत्या. "बाटलीलाही तेवढीच पडू दे. नाहीतर ती सोपं तेच धरेल." चोखणी फक्त झोप लागेपर्यंत. हेही मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

सतरा जूनला बायको कामावर गेली. पहिले दोन आठवडे चांगले गेले. सकाळी ती पाजून निघायची. दिवसाकाठी तीन वेळा शंभर-शंभर मिली मी पाजायचो. आदल्या दिवशीचं फ्रिजमधलं दूध गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट करायचं. दिवसातून दोनदा ती कचेरीतल्या दप्तराच्या खोलीला आतून कडी लावून दूध काढायची आणि बर्फ घातलेल्या डब्यातून घरी आणायची. संध्याकाळी सहा-वीसच्या सुमारास एसटीने उतरून आली, की जिन्यावरच्या तिच्या पावलांनी मुलगी मान वळवायची. हातपाय धुऊन ती भिंतीला टेकून बसली, की ही अंगावर झेपावायची. प्यायला लागली की एक हात आईच्या मंगळसूत्रात आणि पायाचा अंगठा तालात हलणारा. बायको तेव्हा डोळे मिटून घ्यायची. दिवसभरात कुणी काय बोललं, कुणाचं व्हाउचर चुकलं, हे सगळं त्यानंतर. त्या वीस-पंचवीस मिनिटांत घरात कोणी बोलायचं नाही. मी दाराशी उभा राहून बघायचो. आज लिहिताना वाटतं, तेव्हा आत येऊन बसायला हवं होतं.

तीस जूनला सासूबाई भातलावणीसाठी गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "घाई करू नका हो तिला पाजताना. पोर आहे ती, फाइल नाय."

जुलैअखेर विवरणपत्रांची मुदत असते. माझ्याकडे त्या वर्षी एकशे बारा लोकांची कामं होती. मुलगी शंभर मिली प्यायला सरासरी सत्तावीस मिनिटं घ्यायची. तीनदा म्हणजे एक्याऐंशी मिनिटं, शिवाय ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं. फोन वाजत राहायचा. चार जुलैला सकाळी एका माणसाने तिसऱ्यांदा फोन करून विचारलं, "झालं का हो माझं?" आणि त्याच वेळी मुलगी मध्येच पिणं थांबवून माझ्याकडे बघत हसत होती.

मी दोन्ही बाटल्यांची निपलं उतरवली, सुई गॅसवर तापवली आणि भोकं मोठी केली.

पहिल्या वेळी तिला ठसका लागला. मी बाटली थोडी खाली केली. दुसऱ्या वेळेपर्यंत तिला जमलं. शंभर मिली आठ मिनिटांत. दिवसाची सत्तावन्न मिनिटं वाचली. वहीत मी 'आठ' हा आकडा लिहिला नाही. त्या दिवसापासून मिनिटांचा रकानाच मी रिकामा ठेवला. तेव्हा स्वतःला सांगितलं, की लिहायला वेळ नाही.

एक गोष्ट मी धरली नव्हती. पोट आठ मिनिटांत भरलं तरी चोखायची तिची भूक तशीच राहायची. बाटली संपली की ती ओठ हलवत रडायची. मग मी चोखणी द्यायचो. आधी झोपेपुरती, मग झोपेनंतर, मग मी काम करत असेन तेव्हा बाजूच्या चटईवर तासन्‌तास. गप्प असायची. संध्याकाळी सहाला मी चोखणी काढून, धुऊन, डबीत ठेवायचो.

बारा जुलैला संध्याकाळी ती पहिल्यांदा आईच्या अंगावरून दूर झाली. तोंड लावलं, चार वेळा चोखलं, पाठ धनुष्यासारखी ताणली आणि किंचाळली. बायकोने बाजू बदलली. तेच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मला दूधच नाहीये हो. ती तरी काय करणार?"

फोनवर सासूबाईंनी उपाय सांगितला. मोरी मासा. कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण घालतात. बायकोला तो मासा आवडत नाही, वासानेच तिला मळमळतं. मी बाजारातून आणायचो, ती नाक दाबून खायची. वर हळिवाची खीर, शेपूची भाजी, मेथीचे लाडू. कचेरीतल्या बायकांनी शतावरीची पूड दिली, तीही घेतली. एकदा ताटावर बसल्या बसल्या तिने विचारलं, "दिवसा काही वेगळं करता का हो तुम्ही? व्यवस्थित घेते ना बाटली?"

"घेते की. शंभर मिली. वही बघ."

तिने वही बघितली. सगळीकडे शंभर, शंभर, शंभर. "मग माझंच काहीतरी आहे," ती म्हणाली आणि आणखी एक वाटी कालवण वाढून घेतलं.

मला संबंध लक्षात आला नव्हता, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. ते अर्धंच खरं आहे. बारा तारखेला मला खरंच कळलं नव्हतं. अठरा तारखेला कळलं. त्या दिवशी दुपारी मी मुद्दाम बाटली उलटी धरली आणि दूध थेंबाथेंबाने न पडता बारीक धारेने पडताना बघितलं. नवी निपलं औषधाच्या दुकानात मिळत होती. चालत चार मिनिटांवर. पण मुदतीला तेरा दिवस उरले होते आणि एकेचाळीस कामं बाकी होती. मी ठरवलं, एकतीस झाली की बदलू. तेरा दिवसांत काय होतं?

अंगावरचं दूध ओढणारं कोणी नसलं की आटतं. हे मला नंतर कळलं. पंपाने दर वेळी निघणारं दूध दीडशेवरून शंभरावर आलं, मग साठावर. सत्तावीस जुलैला आम्ही पावडरचा डबा आणला. दुकानातून परत येताना रिक्षात बायकोने तो डबा मांडीवर घेतला नाही. सीटवर, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

तिच्या कचेरीतल्या एका बाईंनी निवृत्त नर्सचं नाव सुचवलं. तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेल्या बाई. एक ऑगस्टला त्या घरी आल्या. उंच, छत्री दाराबाहेर झटकून आत घेणाऱ्या. त्यांनी मुलीच्या तोंडात बोट घालून बघितलं, बायकोला तपासलं आणि म्हणाल्या, "काही कमी नव्हतं तुझ्यात. बाटली दाखव बघू."

बाटली मी आणून दिली. त्यांनी पाणी भरून उलटी केली. पाण्याची धार फरशीवर पडली.

"अहो, हे निपल आहे की नळ?" त्या हसून म्हणाल्या. मग निपल उलटं करून जवळून बघितलं आणि हसणं थांबलं. "हे दुकानातलं भोक नाही. कोणी पाडलं?"

"मी," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे बघितलं. "कधी?"

"चार जुलैला."

 ती मोजत होती, हे मला तिच्या ओठांवरून कळलं. "अठ्ठावीस दिवस," ती म्हणाली. "आणि त्यातले निम्म्याहून जास्त दिवस मी तो मासा खाते आहे."

सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी काहीतरी मुदतीबद्दल बोललो. बायको म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर मी बिनपगारी रजा टाकली असती. महिनाभर. तुम्ही नुसतं सांगायला हवं होतं."

 भोक पाडणं ही चूक होती आणि चुका माणसाकडून होतात, असं म्हणता येईल. पण वही पुढे करून मी तिला तिच्याच शरीरावर संशय घ्यायला लावला. खरे आकडे दाखवून खोटं बोलता येतं, हे माझ्या धंद्यात मी इतरांच्या बाबतीत बघितलं होतं.

सिस्टर आणखी दोनदा आल्या. बाटल्या बंद केल्या, चोखणी बंद केली, वाटी-चमच्याने पाजायला सुरुवात केली. शंभर मिलीला चाळीसेक मिनिटं जात असावीत. मी एकही मिनिट न मोजता पाजलं, हे आता सांगून काय उपयोग. बायकोने आठ दिवसांची रजा घेतली. मुलीला उघड्या अंगाला लावून ती तासन्‌तास पडून राहायची. पहाटे, अर्धवट झोपेत असताना, मुलगी प्यायची. असं चार पहाटे झालं. पाचव्या दिवशी पूर्ण जागी झाली, कुणाच्या अंगावर आहोत हे बघितलं आणि रडत दूर झाली. मग पहाटेचंही बंद झालं.

सोळा ऑगस्टला सिस्टर तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मुलगी चटईवर पालथी पडत होती. वजन सात किलो दोनशे, तब्येत उत्तम. सिस्टर म्हणाल्या, "अजून पंधरा दिवस प्रयत्न करता येईल. काही मुलं वळतात परत."

बायकोने मुलीला उचललं. मुलीने सवयीने तिच्या मंगळसूत्रात हात घातला आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

"नको सिस्टर," बायको म्हणाली. "तिला रडवून मला पाजायचं नाही. पुरे झालं."

सिस्टरनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी कपाटातून पैसे काढून टेबलावर ठेवले. एका फेरीचे तीनशे, तीन फेऱ्यांचे नऊशे. बायकोने मुलीला माझ्याकडे दिलं, त्या नोटा बोटाने माझ्या बाजूला सरकवल्या आणि खुंटीवरची आपली पर्स उघडली. सिस्टरना नऊशे रुपये तिने दिले.