कोपऱ्यावरची मोगरी

आमचे हे देवाच्या रथाला मोगरी लावतात. गावात मान आहे, मिरवायला बरं वाटतं. पण ज्या बाईचा नवरा चालत्या चाकाखाली हात घालतो, तिला विचारा. पंगुनी महिना, म्हणजे फाल्गुन-चैत्र, लागला की मी देवापुढचा दिवा विझू देत नाही, ते उत्सवाचा झेंडा उतरेपर्यंत.

मोगरी म्हणजे चिंचेच्या लाकडाचा ठोकळा, एका बाजूनं उतरता, मागं धरायला दांडा. आमच्या पुन्नैवायल गावच्या रथाला ना लगाम ना ब्रेक. पुढं दोर ओढणारी शेकडो माणसं, मागं माणसाहून उंच चाकं. मोगरी तिरपी दिली की रथ वळतो, सरळ दिली की थांबतो. द्यायची आणि हात काढून घ्यायचा. उशीर झाला तर काय, ते मी बोलत नाही.

मी बोलले नाही तरी गावाला ठाऊक आहे. माझे सासरे याच कामात गेले, आमच्याच दारासमोर, ईशान्येच्या कोपऱ्यावर. हे तेव्हा दुसऱ्या चाकाला होते. लग्नानंतर एकदाच त्याविषयी बोलले, "अप्पांनी मोगरी बरोबर दिली होती गं. मी पाहिलं. पण ती साबणासारखी सटकली. का सटकली, मला अजून कळलं नाही." गावाला मात्र लगेच कळलं! कुणी म्हणालं, प्यायला असेल. कुणी म्हणालं, व्रत मोडलं असेल. मेलेल्या माणसावर काहीही ढकला, तो थोडाच उठून भांडायला येतोय.

या कोपऱ्याचीही कथा आहे. चोळ राजांच्या काळात इथं एक म्हातारी पेज विकायची. देव रथातून निघाला, तिनं वाडगं पुढं केलं, देवानं रथ थांबवून पेज प्यायली. तेव्हापासून रथ इथं 'आपोआप' थांबतो, असं आमचे गुरुक्कळ, म्हणजे देवळाचे पुजारी, पूजेला बसले की दरसाल सांगतात. आपोआप! माझ्या नवऱ्याच्या मनगटांना विचारा म्हणावं.

आणि आम्ही तिरुवारूर जिल्ह्यातले, तेव्हा मनुनीती चोळाची गोष्ट पाळण्यापासून ऐकलेली. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेलं, गाईनं न्यायाची घंटा ओढली, राजानं पोटच्या पोराला रथाखाली घातलं. मग देव प्रसन्न झाला आणि दोघंही उठली. लोक राजाला हात जोडतात. मला त्या पोराची आई दिसते. तिला कुणी काही विचारलं होतं का?

यंदा यांचा गुडघा सुजला. उकिडवं बसलं की उठायला भिंत लागायची. मी म्हटलं, "यंदा नाही जायचं. तरण्या पोरांना लावू दे मोगरी."

"कालच्या पोरांचे हात घालू चाकाखाली?"

"मग घाला स्वतःचे! मी बसते इथं कपाळ पुसून."

"अभद्र बोलू नकोस, सेल्वी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "भीती मलाही वाटते. वाटते म्हणून तर हात वेळेवर निघतो."

"माझ्या लेकाला देव सांभाळतो," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे माझी सासू. 'मग नवऱ्याला का नाही सांभाळलं?' अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

रथाच्या दिवशी उन्हानं डांबर मऊ झालं होतं. ओढणारे सगळे अनवाणी, म्हणून दारोदारच्या बायका रस्त्यावर पाणी ओततात. पुण्याचं काम. दोर यायच्या आधी ओतायचं, चाक येईतो रस्ता सुकतो. सासरे गेल्यापासून आत्या रथाच्या दिवशी उंबऱ्याबाहेर आली नव्हती. यंदा लेकाच्या गुडघ्याची काळजी, म्हणून आली. दोर पुढं निघून गेला, चाकं समोर आली, आणि ही बया घागर घेऊन खाली उतरली.

"आत्या, आता नको!"

"अगं, चटके बसतात त्याला," म्हणाली आणि हे जिथं बसतात नेमकी तिथंच घागर उपडी केली. धूळ, तुडवलेली केळी, सांडलेलं तेल, सगळ्याचा राडा झाला. रस्ता तिथं उताराचा. हे चाकाकडं बघत मागं सरकत आले आणि मोगरी टेकवली. चाक तिच्यावर चढायच्या आत ती जागची हलली. मी या डोळ्यांनी पाहिलं.

मोगरीवाल्याला हाक मारायची नाही, हा गावचा नियम. मान वळली की हात गेला. हाक मारावी तर जीव जाईल, न मारावी तर जातोच आहे. "अहो!" मी ओरडले. ढोलांच्या दणदणाटात 'अहो' कोण ऐकतंय? त्या गर्दीत सगळेच कुणाचे ना कुणाचे अहो. मग माझ्या तोंडून नाव निघालं. जे नाव मी देवळात पूजेलाही शेजारणीला सांगायला लावते, ते भर रस्त्यात हंबरडा फोडून घेतलं.

"तंगरासू! सोड! सोड ती!"

त्यांनी सोडली. मागं पडले, गडबडा लोळले. मोगरीचा चुरा करत चाक पुढं गेलं, आमच्या ओसरीचा खांब मोडला आणि पलीकडच्या मोगरीवर रथ अडला. कुणाला खरचटलंही नाही.

देवळाचे कारभारी धावत आले. "मोगरी सोडलीस? अरे, तुझ्या बापानं जीव दिला, पण सोडली नाही!" हे मातीत बसून नुसते आपले दोन्ही हात बघत होते.

संध्याकाळी हे घरात आले तेव्हा आत्या रिकामी घागर मांडीवर घेऊन बसली होती. दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. लेकाकडं न बघता म्हणाली, "तंगरासू, त्या वर्षी पण असंच ऊन होतं. तुझ्या बापाचे पाय..." पुढं तिला बोलवेना. "पाण्यानं सटकली का रे?"

यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, अप्पांची मोगरी का सटकली तेसुद्धा.

"पाण्यानं कशी सटकेल, अम्मा?" हे म्हणाले. "लाकडाला कीड लागली होती. आतून पोकळ. अप्पांचीही तसलीच होती. मी बघून घ्यायला हवी होती, नाही बघितली. मघाशी कारभाऱ्यांनाही तेच सांगितलं. पुढल्या वर्षीपासून दुसरा माणूस लावणार आहेत."

आत्यानं मान वर केली. लेकाचं तोंड न्याहाळलं. मग घागर खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "लाकूड बघून घेता येत नाही? घरादाराचा मान घालवलास! बाप तसाच बेफिकीर, लेक तसाच! दोघांनी मिळून माझा जीव घेतलात!"

हे खाली मान घालून ऐकत राहिले. मी पान मांडलं, आणि बोलता बोलता आत्या दोन घास जेवली.